भाड्याच्या करवतीवरचा आळ

न्यू जर्सीत २०१४ साली अ‍ॅशच्या झाडांचा काळ ठरलेला हिरवा भुंगा पहिल्यांदा सापडला. मिशिगनमध्ये तो २००२ मध्येच आढळला होता. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे काढतात, झाडाचं पाणी तोडतात आणि काही वर्षांत भलं थोरलं झाड उभ्या जागी वाळतं. आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या परसात आज अशी वठलेली झाडं वादळात आडवी होताहेत. ती कापायला चेनसॉ हवा, आणि नवा दणकट चेनसॉ महाग. मग कुणीतरी विचारतं, भाड्याने देणाऱ्या दुकानाने विक्रीला काढलेली जुनी करवत घेऊ का? उत्तर ठरलेलं असतं: शंभर हातांनी रगडलेलं यंत्र आहे ते, नादी लागू नका, त्यापेक्षा स्वस्तातली नवी घ्या.

हा सल्ला मला साफ अमान्य आहे. पण खोडण्याआधी त्याची बाजू नीट मांडली पाहिजे. भाडेकरूला यंत्राची माया नसते, हे खरं. तो बारचं टोक मातीत घालतो, चेन बोथट झाली तरी जोर लावून रेटत राहतो, कधी पेट्रोलमध्ये तेल मिसळायलाच विसरतो. यातलं काहीही मी नाकारत नाही. माझा प्रश्न एवढाच, की यातून बिघडतं काय? माती आणि रेटारेटी यांचा मार प्रामुख्याने चेन, बार आणि स्प्रॉकेट यांना बसतो. हे तिन्ही भाग झिजण्यासाठीच असतात, ते बदलायचेच असतात. बिनतेलाचं पेट्रोल मात्र पिस्टन खातं, आणि ती जखम लपत नाही.

मफलरचे बोल्ट काढा. करवत थंड हवी, प्लगची वायर काढलेली हवी. मफलर बाजूला केला की एक्झॉस्टचं भोक दिसतं. दोरी हळूहळू ओढत पिस्टन त्या भोकासमोर आणा आणि विजेरीचा प्रकाश टाका. पिस्टनची कड गुळगुळीत असेल, तिच्यावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असतील, तर इंजिनाचा मुख्य जीव शाबूत आहे. उभे ओरखडे दिसले, धातू फासल्यासारखा वाटला, तर किंमत कितीही कमी असो, करवत तिथेच ठेवून परत या. मग दोन्ही मुठी हलवून बघा. कंपन झेलणारी स्प्रिंग तुटली असेल तर मूठ नको इतकी डुगडुगते. साखळीचा ब्रेक खटकन लागतो का, तेही पाहा. शंभर हातांचा इतिहास उगाळण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी अधिक खरं सांगते.

आता ‘स्वस्तातली नवी’ या पर्यायाकडे येऊ. होम डेपोच्या भाडेविभागातून वर्षानुवर्षं विकल्या गेलेल्या निळ्या मकिता करवती घ्या. ६४ सीसीचं इंजिन, मॅग्नेशियमचं क्रँककेस. हे यंत्र मुळात हॅम्बुर्गच्या डोल्मारचं. एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये उभी केलेली ही कंपनी थुरिंगियातल्या डोल्मार डोंगराचं नाव लावायची, कारण पहिली करवत तिथे चालवून पाहिली गेली. १९९१ मध्ये मकिताने ती घेतली. याच सांगाड्यावर ७९ सीसीचं मॉडेलही निघालं, म्हणजे ६४ सीसीच्या इंजिनाला हा सांगाडा भरपूर पुरून उरतो. ही करवत पूर्ण खोलता येते, पुन्हा जोडता येते. स्वस्तातल्या बहुतेक नव्या करवतींचं इंजिन प्लास्टिकच्या खोळीत बसवलेलं असतं, आणि ते गेलं की दुरुस्तीचा खर्च नव्या करवतीला भिडतो. शिवाय इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पोटात घेऊन कार्बोरेटर खराब करत बसलेल्या घरगुती करवतीपेक्षा नेहमी चालती असलेली करवत मला जास्त भरवशाची वाटते.

तरीही माझा खरा वाद चेनवर आहे. जुनी करवत घेणारा इंजिनाची अश्वशक्ती विचारतो आणि चेन ‘असेल ती’ चालवतो. सगळं तिथे उलटं होतं. लाकडातून जाड ढलप्या उडायच्या ऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की चेन बोथट झाली. मग माणूस जोर लावतो, बार तापतो, हात थकतात, आणि थकलेल्या हातातली करवत उसळते. अपघात असे होतात.

चेनची ओळख तीन आकड्यांत असते: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. ते बहुधा बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेले असतात. मकिताच्या वीस इंची बारला साधारणपणे ३/८ पिच, ०.०५० गेज आणि ७२ लिंक लागतात. पण दुकानात बार बदललेला असू शकतो, म्हणून आकडे वाचा, लिंका मोजा. ‘वीस इंचाची चेन द्या’ एवढ्यावर कधीही चेन घेऊ नका. छोट्या करवतीच्या लो-प्रोफाइल चेनवरही ३/८ च लिहिलेलं असतं, आणि ती या स्प्रॉकेटवर चालत नाही.

दुसरा हट्ट फुल-चिझल चेनचा. व्यावसायिक तीच वापरतात, म्हणून आपणही वापरावी, असं सांगितलं जातं. तिच्या दाताचा कोपरा टोकदार असतो. स्वच्छ, ओल्या लाकडात ती झपाट्याने जाते. मात्र तोच कोपरा मातीचा कण लागताच जातो. परसातलं लाकूड जमिनीवर पडलेलं, वाळलेलं, सालीत धूळ भरलेलं. तिथे गोलसर कोपऱ्याची सेमी-चिझलच योग्य. थोडी सावकाश कापते, पण धार टिकवते, आणि ५.५ मिलिमीटरच्या गोल कानशीने नवशिक्यालाही तिला धार लावता येते. दातापुढचा खोलीमापक ०.६५ मिलिमीटरने खाली राहील एवढं बघायचं. आणखी खाली घासाल तर दात लाकडात रुततो आणि करवत झटके देते.

सेफ्टी चेन म्हणजे नवशिक्यांची कुबडी, असंही म्हणतात. बारच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की करवत उसळून चेहऱ्याकडे येते. या चेनच्या ड्राइव्ह लिंकवरचे उंचवटे त्या क्षणी दाताला खोल जाऊ देत नाहीत. टोक खुपसून कापताना ही चेन मंदावते, हा आक्षेप खरा आहे. पण आडव्या ओंडक्याचे तुकडे करणाऱ्याला असं कापायची गरज क्वचितच पडते. आठवड्याच्या सुट्टीत एखादवेळ करवत हातात घेणाऱ्याला मी आग्रहाने हीच चेन लावायला सांगेन. नव्या चेनबरोबर स्प्रॉकेटची रिमही बघा. तिच्यावर अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या असतील तर आधी ती बदला, नाहीतर नवी चेन चार दिवसांत जुनी होईल.

हे सगळं पडलेल्या झाडांपुरतं. भुंग्याने मारलेलं अ‍ॅश उभं असेल तर ते ठिसूळ असतं. बुंधा उभा चिरतो, फांद्या न सांगता तुटतात. ते पाडायला परवानाधारक माणूस बोलवा. करवत जुनी असो वा नवी, त्या कामासाठी तिला हात लावू नका.