आधी पायरी, मग काच

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
अहमदनगर छावणी परिषद, भिंगार

महोदय,

गेल्या नोव्हेंबरात वडिलांना हयातीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात नेलं होतं. फौजेतून निवृत्त, वय ८३, हातात वॉकर. इमारत जुनी, पण दर्शनी भाग नुकताच नवा केलेला. काचेचं दार, चकचकीत ग्रॅनाइट, छताला पीओपी. पायऱ्या मात्र होत्या तिथेच. उलट जुन्या फरशीवरच नवी बसवल्यामुळे वरची पायरी दोन इंचांनी उंच झाली होती, आणि वडील नेमके तिथेच अडखळले. दोघा अनोळखी माणसांनी त्यांना उचलून आत नेलं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

आपल्याला लिहितो, कारण छावणीच्या हद्दीत बांधकामाचे नकाशे परिषदच मंजूर करते.

पावसाचं पाणी, विंचूकाटा आत येऊ नये म्हणून पूर्वी जोतं उंच ठेवत. ते योग्यच होतं. आता त्या जोत्यापर्यंत चाकाची खुर्ची पोचायला हवी. रॅम्पचं गणित साधं आहे: एक फूट चढायला बारा फूट उतार. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. अंगणात तेवढी सरळ जागा नसेल, तर मध्ये सपाट टप्पा देऊन उतार वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा. बाहेर गुळगुळीत ग्रॅनाइट नको, पावसात त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. खडबडीत शहाबादी बरी. काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला ठळक पट्टी हवी. आत बसायला हात असलेल्या खुर्च्या हव्यात, म्हाताऱ्या माणसाला त्या हातांवर जोर देऊनच उठता येतं. सोफ्यात रुतलेला माणूस उठत नाही. यातल्या कशालाही ग्रॅनाइटइतका खर्च येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली.

म्हणून विनंती अशी की, जुन्या कार्यालयाच्या प्रवेशद्वाराचं काम मंजुरीला आलं, की आधी रॅम्प कुठे आहे ते पाहावं. नसेल तर नकाशा परत पाठवावा. आपल्या अखत्यारीतल्या इमारतींची तपासणी मात्र आजच सुरू करावी.

पुढच्या नोव्हेंबरात वडिलांना पुन्हा त्याच दारात न्यायचं आहे.

आपला,
भिंगारचा एक रहिवासी