चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या पेढ्यांवर हिशेबाचा कागद पूर्ण झाला की त्याच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' अशी अक्षरे लिहिण्याची रीत होती. चूकभूल द्यावी घ्यावी, हा त्यांचा अर्थ. हिंदी मुलखातील व्यापारीही आपल्या बिलांवर 'भूल-चूक लेनी-देनी' असे छापत आले आहेत. हिशेब कितीही काळजीपूर्वक केला तरी त्यात चूक राहू शकते. ती दाखवून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी दुरुस्त करून घ्यावी, असा या शब्दांचा आशय आहे. आकडे मांडणाऱ्या माणसाने आपल्या मर्यादेची दिलेली ती प्रामाणिक कबुली होय. आज हिशेब लिहिण्याचे काम झपाट्याने यंत्राकडे जात असताना या कबुलीचे काय होणार, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

व्यवसाय लहान असो वा मोठा, त्याच्या मागे नोंदींचा डोंगर उभा असतो. आलेले बिल रोजकीर्दीत नोंदवायचे, तेथून खतावणीत न्यायचे, महिनाअखेरीस बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहायचे आणि करविवरणात पुन्हा तोच आकडा भरायचा. एकच रक्कम तीन-चार ठिकाणी उतरवताना हात थकतो, डोळे शिणतात आणि ५,९४० रुपयांच्या जागी ५,४९० रुपये लिहिले जातात. जमाखर्चातील फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यावा, हे अनुभवी हिशेबनिसांना ठाऊक असते. या उदाहरणातील फरक ४५० रुपये आहे आणि त्याला ९ ने भाग जातो. अशी खूण पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, यावरूनच ही चूक किती नित्याची असते हे ध्यानात येते.

अशा कामाचे ओझे यंत्राने उचलावे, यात वावगे काहीच नाही. १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. त्यापूर्वी गाडीगाडीच्या नोंदवह्या हाताने लिहिल्या जात आणि प्रवाशाला त्या त्या गाडीच्या खिडकीपुढे तिष्ठत उभे राहावे लागे. आज त्या वह्या परत आणाव्यात असे कोणी म्हणणार नाही.

तथापि, त्या काळच्या संगणकात आणि आजच्या बुद्धिमान स्वयंचलनात एक महत्त्वाचा फरक आहे. पूर्वी आकडे माणूस भरत असे आणि यंत्र केवळ त्यांची बेरीज-वजाबाकी करीत असे. आता कागदी बिलाचे छायाचित्र पाहून यंत्र स्वतःच त्यातील विक्रेत्याचे नाव, तारीख आणि रक्कम वाचते, ती योग्य खात्यात नोंदवते, खरेदीच्या मागणीशी ताडते आणि न जुळणारी बिले बाजूला काढते. हे कौशल्य त्याला हजारो जुनी बिले दाखवून शिकवलेले असते. म्हणूनच त्याचे उत्तर बहुधा बरोबर असते. परंतु 'बहुधा' आणि 'नक्की' यांत अंतर असते, हे विसरून चालत नाही.

भारतातील वस्तू व सेवा कराची व्यवस्था हे याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला १५ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. त्यातील पहिले दोन अंक राज्य सांगतात. महाराष्ट्रासाठी २७, तर गोव्यासाठी ३०. शेवटची खूण ही पडताळणीची असते. क्रमांक लिहिताना एखादे अक्षर चुकले तर बहुतेक वेळा या खुणेमुळे ते तत्काळ लक्षात येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना इलेक्ट्रॉनिक बीजक बंधनकारक झाले आणि ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. अशा बीजकांतील माहिती आपोआप विक्रेत्याच्या विवरणात जाते. पुन्हा पुन्हा उतरवून घेण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मग शंका कशाची? यंत्र चुकते म्हणून ते नको, असे कोणी म्हणेल, तर तो युक्तिवाद लंगडा आहे, माणूसही चुकतोच. खरा प्रश्न चुकीनंतर काय घडते, हा आहे. थकलेल्या कारकुनाची चूक एका खात्यापुरती असते. यंत्राला घालून दिलेला नियमच चुकीचा असेल, तर ती चूक एकाच वेळी लाखो खात्यांत शिरते. शिवाय यंत्राचा आकडा म्हणून तिच्याकडे संशयाने पाहिले जात नाही.

ऑस्ट्रेलियात नेमके हेच घडले. तेथील सरकार बेरोजगारांना आणि गरजूंना दर पंधरवड्याला साहाय्य देते. साहाय्य घेणाऱ्याने सांगितलेले उत्पन्न आणि करखात्याकडील उत्पन्न यांत फरक आढळला, की पूर्वी कर्मचारी त्याची चौकशी करीत. २०१६ मध्ये 'रोबोडेट' या नावाने ओळखली जाणारी योजना व्यापक प्रमाणावर सुरू झाली आणि हे काम मुख्यत्वे यंत्राकडे गेले. यंत्र वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत समान वाटून टाकी. समजा, एखाद्या मजुराने सहा महिने राबून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने काम नसताना साहाय्य घेतले. यंत्राच्या हिशेबाने तो वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर मिळवत होता; म्हणजे त्याने घेतलेले साहाय्य गैर ठरले! भागाकार अचूक होता, निष्कर्ष मात्र खोटा होता. आपण निर्दोष आहोत, हे जुन्या पगारपत्रकांवरून सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला गेला. अखेर २०१९ मध्ये न्यायालयात अशी आकारणी बेकायदेशीर ठरली. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार आकारण्यांपोटी वसूल केलेली रक्कम परत करण्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. पैसे परत मिळाले, परंतु मधल्या काळात सोसलेली मानहानी आणि भीती परत घेता येण्याजोगी नव्हती.

भारतासारख्या देशात तर असा धोका अधिक संभवतो. येथे नावे लिहिण्याच्या पद्धतीच किती भिन्न! मराठी माणूस स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव लिहितो. तमिळनाडूत नावाआधी आद्याक्षर येते. अनेक ठिकाणी आडनावच नसते. एकच 'चौधरी' हे नाव इंग्रजी लिपीत कितीतरी प्रकारे लिहिले जाते. लग्नानंतर पुष्कळ स्त्रियांचे नाव बदलते. शिधापत्रिकेवर एक आणि बँकेच्या पासबुकावर दुसरे नाव दिसले, की यंत्राला त्या दोन निराळ्या व्यक्ती वाटू शकतात. गावचा पोस्टमन किंवा शाखेतील जुना लेखनिक मात्र एका दृष्टिक्षेपात सांगेल, की ही तीच बाई. हे ज्ञान कोणत्याही रकान्यात भरलेले नसते.

दुसरी काळजी रोजगाराची आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी आणि पुढे बँक कर्मचाऱ्यांनीही संगणकाला विरोध केला होता. त्या विरोधाची केवळ थट्टा करणे योग्य नाही. संगणक आल्याने कचेऱ्या ओस पडल्या नाहीत हे खरे; परंतु कामाचे स्वरूप बदलले आणि ते बदलताना कर्मचाऱ्यांशी करार करावे लागले, हेही तितकेच खरे. संगणकावर नोंदी भरण्याची नोकरी ही अनेक गरीब घरांतील पहिल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी कचेरीची पहिली पायरी होती. ती पायरी काढून घेणाऱ्या व्यवसायाने पुढची पायरी बांधून दिली पाहिजे. वाचलेला वेळ आणि पैसा यांतील काही वाटा त्याच माणसांच्या शिक्षणावर खर्च होणे, हा उपकार नव्हे, न्याय आहे.

यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. यंत्राने बाजूला काढलेली नोंद माणसाने पाहिल्याशिवाय कोणाचेही वेतन, अनुदान वा देयक अडवू नये. वसुलीपूर्वी संबंधिताचे म्हणणे ऐकले जावे आणि निर्णयाचे कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगितले जावे. प्रत्येक नोंदीमागे उत्तर देणारी एक जबाबदार व्यक्ती असावी. 'संगणकात असेच दिसते' हे उत्तर नव्हे. ती जबाबदारी झटकण्याची पळवाट आहे.

नव्याने शिकणाऱ्यांसाठीही यात एक बोध आहे. वेगाने टंकलेखन करता येणे आता पुरेसे ठरणार नाही. समोरचा आकडा कोठून आला, त्याचा अर्थ काय आणि तो संभवनीय आहे का, हे पारखणारी नजर कमवावी लागेल. ज्याला हिशेबाचे मर्म कळते, तोच यंत्राला 'थांब, येथे काहीतरी चुकते आहे' असे म्हणू शकतो.

'चूकभूल द्यावी घ्यावी' ही अक्षरे आज यंत्रही सहज छापू शकते. परंतु चूक दाखवायला कोणी दाराशी आला, तर त्याचे ऐकून घेणे, वही पुन्हा उघडणे आणि चुकलेली रक्कम परत करणे हे माणसालाच करावे लागते. नोंदी खुशाल यंत्राने लिहाव्यात. त्यांखालची ती कबुली मात्र माणसाने स्वतः द्यावी आणि निभावावी.