१०८ वाल्यांना खरं सांगा

रात्री-अपरात्री घरात कुणाची तब्येत बिघडली की आपण १०८ लावतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. गाडीत डॉक्टर असतात आणि चालक असतो, त्याला तिथे पायलट म्हणतात. ते घरात शिरले की आपण सांगतो, "अब्बांना दम लागलाय." अब्बांना टीबी आहे, औषधं चारच दिवसांपूर्वी सुरू झालीत, हे मात्र कुणी बोलत नाही. मोहल्ल्यात कळेल, मुलीच्या रिश्त्याची बात चालू आहे!

माझा एक जुना विद्यार्थी अशा गाडीवर आहे. तो म्हणाला, "टीचर, सांगितलं तर लगेच एन-९५ लावतो. नाही सांगितलं तर पाऊण तास तसाच शेजारी बसतो."

टीबी हवेतून पसरतो आणि गाडीचा मागचा भाग केवढासा! रुग्णाला साधा मास्क, कर्मचाऱ्यांना एन-९५, खिडक्या उघड्या, एवढं तरी करता येतं. पण आधी कळायला तर हवं. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. रुग्णाची बात त्यांच्याकडे अमानत असते.

रक्तातून पसरणाऱ्या आजारांचं वेगळं आहे. तिथे कित्येकदा रुग्णालाच आपला आजार माहीत नसतो. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे घालायचे, आणि वापरलेल्या सुईला टोपण परत न लावता ती थेट सुयांच्या जाड डब्यात टाकायची. हलत्या गाडीत सुई टोचायला कितीसा वेळ लागतो? लोक एचआयव्हीला घाबरतात. पण बाधित रक्ताची सुई टोचली तर त्याची लागण साधारण ३०० पैकी एकाला होते. हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ बी, ती लस न घेतलेल्या १०० पैकी ३० जणांपर्यंत होऊ शकते. बाळांना ही लस देशभर मिळू लागली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज गाडीवर असलेल्या तिशीतल्या मुलांना लहानपणी ती बहुधा मिळालेलीच नाही.

सुई टोचलीच तर जखम दाबू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. अशा कामावरच्या लोकांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि ही औषधं पुरवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. मागितल्यावर द्यायची ती मेहरबानी नव्हे.

आणि मालक म्हणजे फक्त सरकार किंवा कंपनी थोडीच? कित्येक मोहल्ल्यांत ट्रस्टची स्वतःची रुग्णवाहिका असते. तिच्यावरच्या मुलाने कावीळ बीची लस घेतली आहे का, हे ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत जरूर विचारा. नसेल तर पहिला डोस लगेच, दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी.