धुराची चव हवी, घरात धूर नको



पावसाळा लागला की लोणावळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. भुशी धरण झाले, टायगर पॉइंट झाला, कार्ल्याची लेणी झाली की पर्यटक हायवेच्या हॉटेलांत जेवायला बसतात. त्यांच्या टेबलावर एक काळसर, दाट, धुराचा वास येणारी डाळ येते. तिला दाल मखनी म्हणतात. त्या टेबलांवर आपली माणसे क्वचित बसतात. भटारखान्यात मात्र भांडी घासायला, कांदा चिरायला, लादी पुसायला आपल्या वस्त्यांतल्या बायका आणि पोरे पुष्कळ आहेत. रात्री त्या घरी आल्या की मुले विचारतात, "आई, तुमच्या हॉटेलातली ती काळी डाळ आपल्याकडे का नाही करत?"

"आपल्याला परवडत नाही," असे उत्तर बहुतेक घरांत दिले जाते. ते उत्तर चुकीचे आहे, असे आमचे मत आहे. काळे उडीद किराणा दुकानात मिळतात. हॉटेलातल्या एका प्लेटच्या पैशात घरातली पाच माणसे पोटभर जेवतात. आपल्याला न परवडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या म्हणजे हॉटेलच्या डाळीतले लोणी, मलई आणि मीठ, आणि चव आणायच्या नादात घरात कोंडलेला धूर. चव घ्यावी आणि हे चार पदार्थ आपल्या हातात ठेवावेत, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

ही डाळ मुळात श्रीमंतांची नाहीच. अख्खे काळे उडीद मंद आचेवर रात्रभर ठेवायचे, ही पंजाबच्या खेड्यापाड्यांतल्या घरांची जुनी रीत. १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरकडून दिल्लीला आलेल्या निर्वासितांनी तिच्यात टोमॅटो, लोणी, मलई घालून ती हॉटेलात आणली. घरदार गमावलेल्या माणसांनी पोटासाठी केलेला तो पदार्थ आहे. आपल्याकडेही सातारा-कराड भागात उडदाचे घुटे आहेच. उडीद शिजवायचे, घोटायचे, लसूण-मिरचीचे वाटण लावायचे आणि भाकरीबरोबर ओरपायचे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली आहे. तेल-तूप-दूध ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांनीही चव शोधली, हे ते पुस्तक वाचताना कळते. तेव्हा काळ्या डाळीची लाज वाटून घेण्याचे कारण नाही आणि हॉटेलच्या पाटीपुढे दबण्याचेही नाही.

आता धुराचे बोलू. धुराची चव आपल्याला नवीन नाही. आपल्या आया-आज्यांच्या स्वयंपाकाला ती रोजच होती. पण तिची किंमत त्यांनी डोळ्यांनी आणि छातीने मोजली. मावळात पाऊस धो-धो पडतो. लाकडे ओली, दारे-खिडक्या बंद आणि चूल घरातच. चार महिने बाई फुंकणीने जाळ फुंकत बसायची. डोळे चुरचुरणे, सततचा खोकला, दम लागणे या तक्रारी म्हातारपणाच्या म्हणून सोडून दिल्या जात. त्यातल्या कितीतरी चुलीच्या होत्या. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला, तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की चवीसाठी चुलीकडे परत जाऊ नका. हॉटेलवाल्यांची धुराची चव एका छोट्या निखाऱ्यातून येते, आणि तो निखारा दोन मिनिटांत घराबाहेर जातो.

आम्ही ही डाळ घरी अशी करतो.

एक मोठी वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, अख्खे काळे उडीद घ्या. जमल्यास त्यात मूठभर, साधारण ५० ग्रॅम, राजमा किंवा काळा घेवडा घाला. तीन-चार वेळा चोळून धुवा आणि रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. आठ-दहा तास भिजले पाहिजेत. सकाळी ते पाणी टाकून द्या. भिजवल्याने गॅस वाचतो आणि पोटही कमी फुगते. कुकरमध्ये डाळीच्या चौपट पाणी घालून मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या काढा. मग आच बारीक करून अर्धा तास ठेवा. वाफ आपोआप उतरू द्या. दाणा बोटांनी दाबल्यावर लोण्यासारखा चिरडला पाहिजे. राहिला असेल तर आणखी दहा मिनिटे.

इथे एक इशारा. राजमा आणि घेवडा कधीही अर्धकच्चे खाऊ नयेत. त्यांच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. त्याने उलट्या-जुलाब होतात. ते नुसत्या मंद आचेने जात नाही. खळखळून उकळावे लागते. कुकरमध्ये ही भीती राहत नाही.

शिजलेली डाळ पळीने किंवा रवीने थोडी घोटा. सगळी नको, निम्मी. दाटपणा या घोटण्यातून येतो. मलईचे निम्मे काम इथेच होते. कढईत दोन चमचे तेल तापवा. जिरे, बारीक चिरलेला एक कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटभर आले ठेचून घाला. कांदा लाल झाला की दोन टोमॅटो, हळद, धणेपूड, लाल तिखट. तेल सुटेपर्यंत परता. मग डाळ ओता, एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटे हलवत शिजू द्या. तळाला लागू देऊ नका. शेवटी अर्धी वाटी दूध घातले तर मऊपणा येतो. नसेल तर अडत नाही.

आता धुरी. लिंबाएवढा लाकडी कोळसा घ्या. कणीस भाजणाऱ्याकडे किंवा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. दगडी कोळसा नको, रंग लावलेल्या फळीचा तुकडा नको, पेटवायला प्लॅस्टिक किंवा रॉकेल तर मुळीच नको. खिडकी-दार उघडा. मुलांना लांब ठेवा. कोळसा चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करा. डाळीच्या मधोमध एक छोटी स्टीलची वाटी ठेवा, तिच्यात निखारा ठेवा, वर तेलाचे किंवा तुपाचे चार थेंब सोडा आणि लगेच घट्ट झाकण घाला. दोन मिनिटे पुरे. जास्त ठेवले तर डाळ कडवट लागते. निखारा चिमट्याने उचलून दाराबाहेर पाण्यात विझवा.

या दोन मिनिटांचे नियम आम्ही पुन्हा सांगतो, कारण इथेच जीव जाऊ शकतो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पावसात गारठा वाटतो म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणाऱ्यांचे झोपेतच प्राण गेले आहेत. आपली घरे दहा बाय दहाची, खिडकी एक, तीही पावसामुळे बंद. अशा घरात पाऊस आत येत असेल तर त्या दिवशी धुरी देऊ नका. शिवाय तेल जळून उठणाऱ्या धुरात कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्येही असतात. म्हणून धुरी सणावाराला, रोज नाही. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे बाळ किंवा गरोदर बाई असेल तर कोळसा टाळाच.

कोळशावाचूनही ही चव येते. टोमॅटो, लसणाचा गड्डा आणि दोन सुक्या मिरच्या गॅसवर किंवा तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, जळलेली साल काढा आणि वाटून फोडणीत घाला. दुसरी युक्ती मसाला वेलचीची. ही मोठी काळी वेलची धुरावरच वाळवलेली असते, म्हणून तिला मुळातच धुराचा वास असतो. एक वेलची ठेचून कुकरमध्ये टाकली की पुरते. रोजच्या जेवणाला आम्ही हीच पद्धत सुचवू.

या डाळीतून मिळते काय? शंभर ग्रॅम कोरड्या उडदात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. वरच्या मापाची डाळ पाच जणांनी खाल्ली तर माणशी दहा-बारा ग्रॅम येतात, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांइतकी. डाळीत जे कमी असते ते भाकरी-भातात असते आणि भाकरी-भातात जे कमी असते ते डाळीत. म्हणून दोन्ही एकत्र खावे. मावळातला इंद्रायणीचा भात या डाळीबरोबर छान लागतो.

उडदात लोहही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आपल्या वस्तीत वेगळे चित्र नाही. डाळीतले लोह अंगी लागायला लिंबू हवे. ताटात फोड ठेवा आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका, कारण चहाने लोह कमी शोषले जाते. ज्यांचे रक्त फारच कमी आहे त्यांनी डाळीवर भागवू नये, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हॉटेलच्या चमचमीत डाळीत ते किती गेले हे खाणाऱ्याला कळत नाही. घरी ते मोजता येते.

एक गोष्ट राहिली, आणि ती पुरुषवाचकांसाठी आहे. हायवेच्या हॉटेलांत डाळ कोण करतो? बहुतेक ठिकाणी आचारी पुरुष असतो. पगार मिळतो तेव्हा पुरुषाच्या हाताला पळी शोभते, आणि घरी आल्यावर तोच हात ताट कधी येते याची वाट पाहतो. दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून आलेल्या बाईने रात्री पुन्हा कढईपुढे अर्धा तास उभे राहावे, ही कोणती समता? या डाळीला कौशल्य कमी आणि वेळ जास्त लागतो. भिजत घालणे, कुकर लावणे, ढवळत उभे राहणे हे काम मुलगा करू शकतो, नवराही करू शकतो. रविवारी त्यांनी करावे. धाब्यावर जाण्यातला आणखी एक धोका सगळ्यांना माहीत आहे. जेवायला म्हणून गेलेला माणूस पुष्कळदा पिऊन येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. घरच्या डाळीने तीही पाळली जाते.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी आपण तिथे जमतो. येताना मुलांना भाजे-कार्ल्याची लेणी दाखवतो, आणि परतीला हॉटेलच्या पाट्या दिसल्या की मुले हट्ट करतात. या वर्षी आदल्या रात्री उडीद भिजत घाला. विहारात भोजनदान असेल तर मोठ्या पातेल्यात हीच डाळ करा. धुरी बाहेर अंगणात द्या आणि वाढायला पुरुषांना उभे करा. ज्या आईने हॉटेलात दुसऱ्यांसाठी ही डाळ भिजवली, तिच्या ताटात ती आधी वाढा.

जयभीम.