प्रमाणपत्र कंपनीला, पोते कचरावेचकाला!

बाटलीवर, पुड्यावर, पिशवीवर स्वतःचे नाव छापून माल विकणाऱ्या कंपन्यांवर कायद्याने एक जबाबदारी टाकली आहे. जेवढे प्लास्टिकचे वेष्टन बाजारात आणाल, तेवढ्या कचऱ्याची विल्हेवाट तुम्हीच लावा! केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी याचे उद्दिष्ट ठरवून दिले. २०२१-२२ साठी २५ टक्के, २०२२-२३ साठी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. पण कंपनीचा साहेब काही पोते घेऊन रस्त्यावर येत नाही. कंपनी नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्र विकत घेते, ते सरकारी पोर्टलवर दाखवते आणि मोकळी होते. या रिसायकलरला ती आपला ‘भागीदार’ म्हणते.

आमचा सवाल साधा आहे. या भागीदारीत कचरावेचक बाई कोठे आहे?

कचऱ्याच्या ढिगातून बाटली ती उचलते. बाटली वेगळी, पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा अशी निवड ती करते. तिच्याकडून माल भंगारवाल्याकडे, भंगारवाल्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तेथून रिसायकलरच्या कारखान्यात जातो. प्रमाणपत्र जन्माला येते ते या शेवटच्या टप्प्यावर. त्याआधीच्या साऱ्या हातांची त्यावर नोंद नाही. कंपनी रिसायकलरचा परवाना तपासते, बिले तपासते. पण हा माल कोणी वेचला, तिला किलोमागे काय भाव मिळाला, काच लागून हात कापला तर औषधपाण्याचा खर्च कोणी केला, हे विचारणारा रकाना तिच्या फॉर्मात नसतो.

आणि ही बाई कोण आहे? महाराष्ट्राच्या शहरांत कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्या दलित समाजातील स्त्रियांची आहे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उठून शहरात आलेली कितीतरी कुटुंबे या कामात लागली. गावात जातीने जे काम माथी मारले होते, तेच शहरात ‘पोट भरण्याचा धंदा’ या नावाने पुन्हा वाट्याला आले. आता त्याच कामावर पर्यावरणरक्षणाचे बिरुद मिरवले जात आहे. परंतु बिरुद एकाचे आणि घाण दुसऱ्याच्या हाताला!

खालचा हात कागदावर नसला की काय होते, हेही दिसून आले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकातील चार रिसायकलरांनी सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे २०२३ साली उघड झाले. माल नाही, वेचणारी नाही, तरी प्रमाणपत्र तयार! पहिल्या वजनकाट्यापासून हिशेब ठेवला असता, तर ही लबाडी इतकी सोपी झाली असती काय?

हिशेब ठेवणे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचकांना ओळखपत्रे मिळाली. २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम घेतले. ज्यांना निरक्षर म्हणून हिणवले, त्यांनी सहकारी संस्था चालवून दाखविली. मग कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना एक नोंदवही ठेवता येत नाही?

आता तर कंपन्यांची गरजही वाढली आहे. २०२२ च्याच तत्त्वांनुसार टणक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापराचे प्लास्टिक घालण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी स्वच्छ, नीट निवडलेला माल लागतो. तो यंत्रातून आपोआप पडत नाही. बायांच्या हातातूनच येतो. ज्याच्यावाचून अडते, त्याला भाव मागण्याचा हक्क असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. सरकार, मालक आणि मजूर यांनी एका मेजाभोवती समान पातळीवर बसावे, या त्रिपक्षीय पद्धतीचा त्यांनी आग्रह धरला. कचऱ्याच्या धंद्यात आज दोनच पक्ष मेजावर आहेत, कंपनी आणि रिसायकलर. तिसरा पक्ष दाराबाहेर पोते घेऊन उभा आहे.

म्हणून आमची मागणी आहे. कंपनी आणि रिसायकलर यांच्या करारातच कचरावेचकांच्या संघटनेला पक्ष करा. किलोमागे किमान भाव लिहा आणि बाजार पडला तरी तो पाळा. प्रमाणपत्राच्या पैशातला ठरलेला वाटा थेट वेचणाऱ्या बाईच्या खात्यात जमा करा. हातमोजे, बूट, विमा आणि माल निवडायला छप्पर द्या. ज्या प्रमाणपत्रामागे वेचणाऱ्यांची नोंद नाही, ते मंडळाने नाकारावे.

समाजबांधवांनो, ही भीक नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला आहे. तो मागायचा तर एकेकटीने भंगारवाल्याच्या काट्यासमोर उभे राहून चालणार नाही. वस्तीवस्तीतून संघटित व्हा, ओळखपत्र मिळवा, वजनाची पावती मागा. ज्या दिवशी ती पावती हातात येईल, त्या दिवशी कंपनीला आपला खरा भागीदार कोण हे मान्य करावेच लागेल.