रिंगणातले जाळे आणि रस्त्यावरचा दोर

सुटी लागली आणि गावाबाहेरच्या मैदानावर सर्कशीचा तंबू उभा राहिला की मुलांचा हट्ट सुरू होतो. पूर्वी तो हट्ट वाघसिंहांसाठी असे. आता तंबूत वाघ नाही आणि सिंहही नाही. मग मुलांना नेऊन दाखवायचे काय, असा प्रश्न अनेक पालक करतात. त्याचे उत्तर साधे आहे. तंबूत आता माणूस उरला आहे, आणि सरावाने माणसाचा देह काय करू शकतो हे लहान वयात प्रत्यक्ष पाहायला मिळणे ही थोडी गोष्ट नव्हे.

विष्णुपंत छत्रे यांनी २० मार्च १८८० रोजी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला आणि भारतीय सर्कशीचा आरंभ झाला. पुढे केरळातील तलश्शेरीने या धंद्याला पिढ्यान् पिढ्या कसरतपटू पुरविले. केंद्र सरकारने १९९८ साली वाघ, सिंह, अस्वल, माकड आदी प्राण्यांच्या खेळांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये उचलून धरली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. या निर्णयांनी सर्कशीच्या गल्ल्याला फटका बसला हे खरे; परंतु ते निर्णय योग्यच होते. मुक्या प्राण्यांच्या आणि अजाण मुलांच्या हालांवर उभी राहणारी करमणूक टिकवावी, असे कोणी म्हणणार नाही.

पडद्यावर रोज अचाट उड्या पाहणाऱ्या मुलाला तंबूत वेगळेच काही दिसते. पडद्यावर चुकलेली उडी कापून टाकलेली असते. येथे ती डोळ्यांदेखत चुकते. झोक्यावरून झेपावलेल्याचा हात निसटतो, तो खाली जाळ्यात पडतो, उठतो आणि पुन्हा दोराची शिडी चढू लागतो. मांडीवरचे मूल श्वास रोखून विचारते, “जाळे नसते तर?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याला सांगावे की समोर गुडघ्यांवर उलटा लोंबकळणारा माणूस झेलण्यासाठीच तेथे आहे. दोन झोक्यांचा मेळ क्षणभरच जमतो, आणि तो साधण्यासाठी वर्षानुवर्षे घाम गाळावा लागतो. धाडस म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा या एका उत्तराने अधिक कळते. मूल घाबरून रडू लागले, तर मात्र त्याला बाहेर न्यावे. धीट करण्याच्या हौसेने बळेच बसवू नये.

परंतु त्या मुलाचा प्रश्न तंबूपाशी संपत नाही. घरी परतताना एखाद्या चौकात ढोलकी वाजत असते आणि सहा-सात वर्षांची मुलगी हातात काठी घेऊन दोरावरून चालत असते. खाली जाळे नसते. असतो तो कठीण रस्ता. तेथेही टाळ्या पडतात, नाणी पडतात आणि गर्दी पांगते. ज्या मुलाने नुकतेच जाळे पाहिले आहे, ते येथे जाळे का नाही असे विचारणारच. त्या वेळी थोरांची जीभ अडखळते.

कायदा नाही असे नाही. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चित्रपट, मालिका व क्रीडा यांत भाग घेण्याची मुभा मुलांना काही अटींवर ठेवली. सर्कस मात्र त्या सवलतीतून मुद्दाम वगळली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून लागू आहे. पण तंबूच्या दारापर्यंत पोचलेला कायदा चौकातल्या दोरापर्यंत पोचत नाही, कारण ते कुटुंब आज येथे तर उद्या दुसऱ्या गावी असते. बापाला पोलिसांनी हुसकावून लावल्याने पोटाचा प्रश्न सुटत नाही. मुलगी पुढल्या गावी पुन्हा दोरावर चढते.

विसंगती अशी की अंगाची तीच लवचीकता महाराष्ट्राच्या मल्लखांबात गौरवाला पात्र ठरते. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांबाला स्थान मिळाले. व्यायामशाळेतल्या मुलीसाठी खाली गादी असते, शेजारी शिक्षक असतो आणि पुढे पदकाची आशा असते. दोरावरच्या मुलीपाशी कसब आहे. नाही ती गादी, शाळा आणि आशा. भटक्या कुटुंबांच्या मुलांसाठी निवासी शाळा आणि त्यांच्या जोडीला व्यायामशाळांचे दरवाजे उघडले, तर हे कसब वाया जाणार नाही आणि बालपणही वाचेल. मुलीच्या कमाईवर चालणाऱ्या घराला दुसरा आधार देणे हाही त्याच कामाचा भाग आहे, हे शासनाने विसरू नये.

मुलांना सर्कशीला अवश्य न्यावे. तिकिटाचे पैसे प्रौढ कसरतपटूंच्या कष्टाचे मोल आहेत. ते आनंदाने द्यावेत. मात्र टाळी कसबासाठी वाजवायची, कोणाचा जीव टांगणीला लागला म्हणून नव्हे, हा विवेक मुलाला तेथेच शिकवावा. बाकावर बसलेल्या मुलासाठी जाळे हवे असे ज्यांना वाटते, त्यांना दोरावरच्या मुलीसाठीही ते हवेसे वाटले पाहिजे.