राखणीचा कुत्रा आणि माणसाची गोळी

संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची शेते व संत्र्याचे बगीचे आहेत, त्यांस कुत्र्याचे मोल निराळे सांगावयास नको. अंबाबरव्याच्या रानातून रानडुकरे उतरली म्हणजे पहिली वर्दी तोच देतो. परंतु हा राखणदार आजारी पडला म्हणजे घरात माणसांकरिता आणलेली जी गोळी हाती लागेल ती त्याच्या घशात घालण्याची आपल्यात चाल पडली आहे. ही चाल घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्हास फुकट मिळालेले नाही.

गतवर्षी हरभऱ्याच्या दिवसांत आमचा कुत्रा लंगडू लागला. माणसाच्या गुडघेदुखीवर चालणारी गोळी जनावरास का चालू नये, असा विचार करून आम्ही ती भाकरीत घालून तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी त्याने अन्न सोडले. विष्ठा डांबरासारखी काळी झाली. पशुवैद्यांकडे नेईपर्यंत वेळ निघून गेली होती. पोटात व्रण पडून रक्तस्राव झाला आणि मूत्रपिंडे निकामी झाली, असे त्यांनी सांगितले. लंगडण्याचे मूळ काय, तर पंजात रुतलेला बाभळीचा काटा! चिमट्याने निघणाऱ्या काट्यापायी आम्ही इमानी जनावर गमावले.

आमचा जन्म महसूल खात्यात आकडेमोड करण्यात गेला. तरी हा साधा हिशेब तेव्हा सुचला नाही. साठ किलो वजनाच्या माणसाने पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर किलोमागे सुमारे ११ मिलिग्रॅम औषध पडते. तीच गोळी पंधरा किलोच्या कुत्र्यास दिली, तर ४३ पडते, म्हणजे चौपट. आणि गोळीचे चार तुकडे केल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण कुत्र्याचे शरीर औषध निराळ्या रीतीने पचविते. आयबुप्रोफेन माणसाच्या मानाने त्याच्या अंगात फार वेळ राहते आणि पोट व मूत्रपिंडे यांवर आघात करते. काही बिनसाखरेच्या औषधांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो; त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. मांजरास तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

यावर कोणी म्हणतील की, पशुवैद्यही कित्येकदा माणसाच्या दुकानातीलच औषध लिहून देतात. हे खरे आहे. पण ते रोग ओळखून, वजन पाहून व मात्रा ठरवून देतात. आपण यांपैकी एकही गोष्ट करीत नाही.

अशा औषधाचा परिणाम एका जनावरापुरता राहतो असेही नाही. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची प्रेते खाऊन या देशातील गिधाडे नष्टप्राय झाली. सन २००६ मध्ये जनावरांकरिता त्यावर बंदी आली. तरी माणसाकरिता असलेल्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली.

एक गोष्ट याहूनही गंभीर आहे. कुत्रा लाळ गाळू लागला, त्यास गिळता येईना, म्हणजे घशात हाड अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात. ते लक्षण पिसाळण्याचेही असू शकते, आणि त्या रोगावर गोळी नाही. लाळ जखमेस लागल्यास वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

तेव्हा वाचकांस आमची विनंती इतकीच की, कुत्रा लंगडला तर आधी पंजा पाहावा. घरातील गोळ्या त्याच्या तोंडास लागणार नाहीत अशा ठेवाव्या. चुकून खाल्ल्यास गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन विनाविलंब पशुवैद्यांकडे जावे. पिसाळण्याची प्रतिबंधक लस त्यास दरवर्षी टोचून घ्यावी.

बैल वाघाने मारला अथवा पीक डुकरांनी तुडविले तर पंचनामा होतो. असे पंचनामे आम्ही पुष्कळ लिहिले. राखणीचा कुत्रा मेला तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. त्याचा हिशेब धन्यानेच ठेवावयाचा असतो.